पेल्यांतील मद्य आणि मनांतील मद्य

तरुण मित्रांची बैठक जमली आहे. पेले भरले गेले, पहिला घोट घशाखालीं उतरतो न उतरतो तोंच एरवीं मुखदुर्बळ असणारा एक जण मोठमोठ्यानें हसूं लागला, दुसरा शेजाऱ्याशीं उगाच हुज्जत घालूं लागला. ‘चढली वाटतें!’ असें आपण म्हणतों. परंतु मद्यार्क पोटांतून रक्तांत व रक्तांतून मेंदूंत जाण्यास कांहीं मिनिटें लागतात, आणि त्याचा पुरता अंमल बसण्यास त्याहूनहि अधिक. मग पहिल्या घोटाबरोबर चढलें तें काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचे मुलगे व मुली आज उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस जातात. तेथें १९८४ सालीं केंद्र सरकारनें, रस्तेबांधणीचें अनुदान कापण्याचा धाक घालून, मद्य विकत घेण्याची वयोमर्यादा सर्व राज्यांस एकवीस वर्षें करावयास लावली. तरीहि १९९३ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १४० महाविद्यालयांची पाहणी केली तेव्हां शेंकडा ४४ विद्यार्थी असे निघाले कीं, ज्यांनीं मागील पंधरवड्यांत निदान एकदां तरी एकामागून एक पांच पेले, मुलींच्या बाबतींत चार, रिचविले होते. कायदा आहे, उपदेश आहे, दुष्परिणामांची भित्तिपत्रकेंहि आहेत. आणि पेलेहि आहेतच. तेव्हां मानसशास्त्रज्ञांनीं पेल्याकडून दृष्टि काढून पिणाऱ्याच्या मनाकडे वळविली, हें योग्यच झालें.

परंतु मनाची तपासणी करावी कशी? औषधांची परीक्षा घेतांना कांहीं रोग्यांस खरी गोळी व कांहींस साखरेची गोळी देतात. तेथें प्रत्येकाची समजूत सारखीच असते, म्हणून औषधाचें बळ तेवढें कळतें; समजुतीचें बळ निराळें मोजतां येत नाहीं. अॅलन मार्लट यांनीं व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं यावर एक साधी पण नामी युक्ति योजिली. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत ३२ मद्यासक्त आणि ३२ बेताचें पिणारे असे पुरुष होते. अर्ध्यांस सांगितलें कीं, तुम्हांस व्होडका घातलेलें टॉनिक मिळेल. अर्ध्यांस सांगितलें कीं, नुसतें टॉनिक मिळेल. आणि या दोन्ही गटांत खरोखरी व्होडका मात्र अर्ध्याच लोकांस दिली. म्हणजे चार प्रकार झाले: सांगून दिलेली, सांगून न दिलेली, न सांगतां दिलेली, आणि न सांगितलेली व न दिलेलीहि. मिश्रण असें बेताचें केलें होतें कीं, जिभेस भेद कळूं नये. वरकरणी काम एवढेंच कीं, निरनिराळ्या पेयांची चव पाहून मत द्यावयाचें. हवें तितकें प्यावें. संशोधक मापीत होते तें मत नव्हे, पेल्यांतून कमी झालेलें पेय.

ज्यांची समजूत मद्याची होती ते अधिक प्याले. पेल्यांत वस्तुतः काय होतें याचा त्या प्रमाणावर परिणाम दिसला नाहीं; आणि नवल म्हणजे मद्यासक्तांच्या बाबतींतहि हेंच घडलें. नुसतें टॉनिक पिणारा मद्यासक्त मद्याच्या भ्रमानें पीतच राहावा, आणि पोटांत व्होडका जात असलेल्यानें ‘हें तर साधें टॉनिक’ म्हणून लौकर थांबावें, असा हा प्रकार होता. एक घोट शरीरांत गेला कीं तोच पुढचे सर्व घोट ओढून आणतो, मनुष्याचा ताबा सुटतो, ही कल्पना तोंपर्यंत सर्वत्र रूढ होती. जेलिनेक यांच्या १९६० सालच्या व्यसनविषयक ग्रंथानें तिला शास्त्राची प्रतिष्ठाहि मिळाली होती. तिला या प्रयोगानें मोठाच धक्का बसला.

येथें घाईनें भलता अर्थ काढूं नये. ज्याचें शरीर मद्यास सरावलें आहे त्यानें तें एकाएकीं सोडलें तर हातपाय कांपतात, प्रसंगीं झटके येतात. तो कांहीं मनाचा खेळ नव्हे, तेथें वैद्यच हवा. दुसरें एक उदाहरण पाहा. १९७५ सालीं याच चौकटीचा उपयोग करून रागाची परीक्षा घेण्यांत आली. आपण मद्य प्यालों आहों असें ज्यांस वाटत होतें त्यांनीं समोरच्यास विजेचे अधिक तीव्र धक्के दिले, मग पोटांत मद्य असो वा नसो. पण खूण होतांच हात किती चपळाईनें हलतो हें मोजलें तेव्हां मंदपणा आढळला तो खरें मद्य मिळालेल्यांतच. मन फसलें, हात फसला नाहीं. मोटार हांकणाऱ्यानें हें पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढें १९९० सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यांत मद्य स्वतःहि माणसास आक्रमक करतें असेंच दिसून आलें. शास्त्राची हीच रीत. पहिल्या प्रयोगाची टाळी दुसऱ्यानें थोडी आवरावी लागते.

आतां ही समजूत तरुणाच्या मनांत येते कोठून? प्रिन्स्टन विद्यापीठांतील डेबोरा प्रेंटिस व डेल मिलर यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन मला या साऱ्यांत सर्वांत मर्मग्राही वाटतें. त्यांनीं विद्यार्थ्यांस दोन प्रश्न विचारले: विद्यापीठांतील पिण्याच्या रिवाजाविषयीं तुम्हांस स्वतःला कितपत निःशंक वाटतें, आणि सामान्य विद्यार्थ्यास कितपत वाटत असेल? उत्तर असें आलें कीं, बहुतेकांस स्वतःला संकोच वाटत होता, पण इतरांस तो तितका नाहीं अशी त्यांची खात्री होती. प्रत्येक जण मनांतून नाखूष. प्रत्येक जण इतरांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहून आपणच काय ते वेगळे असें मानणारा. उघड बोलावें तर भित्रा ठरण्याची भीति; म्हणून हाहि हसतो, आणि शेजाऱ्यास वाटतें कीं, हा सुखांत आहे!

पुढें एका सत्रभर या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवलें. मुलग्यांचीं स्वतःचीं मतें हळूहळू त्या काल्पनिक ‘सामान्य विद्यार्थ्या’च्या मताकडे सरकलीं. मुलींचीं सरकलीं नाहींत. मुली अधिक खंबीर, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण पिण्याच्या रिवाजाशीं जवळचें नातें पुरुषांचें मानलें गेल्यामुळें त्याच्याशीं जुळवून घेण्याचें ओझेंहि त्यांच्यावर अधिक पडलें असावें.

समजूत चढविते, तर समजूत उतरवितांहि यावी. फ्लॉरिडांतील डार्क्स व गोल्डमन यांनीं त्याच १९९३ सालीं तसें करून पाहिलें. बरेंच पिणाऱ्या तरुणांस एकत्र बसवून पेले दिले. कांहींत मद्य, कांहींत नाहीं. गप्पा व खेळ झाल्यावर विचारलें: कोणी मद्य घेतलें आहे? तुम्ही स्वतः घेतलें आहे काय? उत्तरें चुकलीं. आपला मोकळेपणा बाटलींतून आला नव्हता हें स्वतःच्या अनुभवानें कळलेल्या या तरुणांचें पिणें पुढच्या दिवसांत कमी झालें; दुष्परिणामांचें नेहमींचें व्याख्यान ऐकलेल्यांचें तसें झालें नाहीं. हा परिणाम दीर्घकाळ टिकतो असें मात्र म्हणतां येत नाहीं.

अधिक टिकाऊ ठरली ती मार्लट यांचीच, सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील योजना. तिचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. विद्यापीठांत नुकताच प्रवेश मिळालेल्यांपैकीं ज्यांचें पिणें धोक्याचें दिसलें त्यांच्यापैकीं कांहींस पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यांत एकदांच बोलावलें. दटावणी नाहीं, शपथ नाहीं, ‘तूं व्यसनी आहेस’ असा शिक्का नाहीं. त्याच्यासमोर त्याचेच आंकडे ठेवले: तुझें पिणें एवढें, इतर विद्यार्थी पितात असें तूं धरून चाललास तें एवढें, आणि ते खरोखर पितात तें एवढें. मग तें पाहून त्याला काय वाटतें हें शांतपणें ऐकून घेतलें. दोन वर्षांनंतर पाहतां, न बोलावलेल्यांच्या मानानें या मुलांचें पिणें व त्यामुळें ओढवणारीं संकटें कमी होतीं. तेच सरासरीचे आंकडे भित्तिपत्रकांवर छापून विद्यापीठभर लावण्याचे प्रयोगहि पुढें पुष्कळ झाले. त्यांचा गुण फारच थोडा आला. आंकडे दोन्हीकडे तेच होते, परंतु भिंत कोणाचें ऐकून घेत नाहीं.