जात्याची टाकी आणि कॉफीचं पहिलं दळण

वाळवा तालुका उसाचा, हळदीचा आणि चहा पिणाऱ्यांचा. महाराष्ट्रात कॉफीच्या मळ्यांसाठी नाव निघतं ते मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं. कृष्णाकाठी कॉफी होत नाही. पण पेठनाक्यावरून जाणारा महामार्ग थेट कर्नाटकात उतरतो आणि चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया आता कुरियरनं ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) घरपोच येतात. बियांमागोमाग हातानं फिरवायचा ग्राइंडरही स्वयंपाकघरात येतो आणि त्याच्याबरोबर एक ठरलेली तक्रार: नवा असूनही कॉफी एकसारखी दळत नाही, आज कडू तर उद्या पाणचट.

या तक्रारीचं उत्तर इथल्या जुन्या घरांना ठाऊक होतं. नव्या जात्याचं पहिलं पीठ कुणी खात नसे.

दोन तळ्यांचं यंत्र

खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधे खीळ आणि कडेला खुंटा, एवढंच जातं. दख्खनच्या पठारावर ते फार जुनं आहे. नेवाशाच्या उत्खननात (१९५४-५६) फिरती जाती सापडली आणि डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५९ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात भारतातल्या अशा जात्यांवर टिपण लिहिलं. फिरत्या जात्यांच्या आधीच्या ताम्रपाषाण काळातल्या गावांत धान्य रगडलं जाई ते पुढे-मागे रेटायच्या दगडावर. वरचा दगड गोल फिरू लागला आणि दळण सलग झालं.

जात्यावर बायकांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी महाराष्ट्रभरातून जमवल्या. तो साठा लाखाच्या घरात आहे. त्यात सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे. जात्याची निगा राखणाऱ्या हातांबद्दल मात्र फारसं लिहिलं गेलेलं नाही.

ते हात पाथरवटांचे, वडारांचे, टकाऱ्यांचे. त्यांतल्या वडार आणि टकारी या जमाती आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पाटे-जाती घडवणं आणि गावोगाव हिंडून त्यांना टाकी लावणं हा त्यांच्यातल्या अनेकांचा पोटाचा धंदा होता. टाकी लावणारा वरची तळी उलटी करून मांडीपुढे घ्यायचा. टाकी तिरपी धरून हातोडीचे हलके, एकाच वजनाचे घाव घालत आतून कडेकडे जायचा. दर घावाला एक उथळ खड्डा पडायचा. घाव जोराचा बसला तर टवका उडतो, हलका पडला तर धार येत नाही.

दाणा कापला जातो तो या खड्ड्यांच्या कडांवर. कडा झिजल्या की दगड गुळगुळीत होतो, दाणा कापण्याऐवजी चेंगरतो, पीठ गरम होतं. टाकी नुकती लागली असेल तेव्हा उलट अडचण असते. सुट्या कडा मोडून पिठात कच उतरते. म्हणून आधी कोंडा किंवा हलकं धान्य भरडायचं, ते जनावरांपुढे टाकायचं, तळ्या पुसून घ्यायच्या आणि मगच घरची ज्वारी वैरायची.

पोलादी तळ्या

फ्रान्समध्ये प्यूजो घराण्यानं कॉफी दळायचं हातयंत्र १८४० साली आणलं. त्यांच्या मोटारी नंतरच्या. आजच्या हातग्राइंडरमध्ये बाहेर दातेरी कडं आणि आत फिरणारा शंकू असतो, पोलादी किंवा सिरॅमिकचा. वरच्या-खालच्या तळ्यांची जागा आतल्या-बाहेरच्या दात्यांनी घेतली, दळण्याचं तत्त्व तेच राहिलं.

नव्या पोलादी दात्यांवर कापकामातली बारीक कुसळं आणि कधी तेलाचा अंश राहिलेला असतो. त्यामुळे काही बिया कापल्या जातात, काही फुटतात. भुकटीत धूळ आणि खडे एकत्र येतात. धुळीतला अर्क पाण्यात पटकन आणि जास्त उतरतो, त्यानं कडवटपणा येतो. खड्यांतला अपुरा उतरतो, त्यानं कॉफी आंबट आणि पाणचट लागते. रोजची चव बदलते ती यामुळे.

उपाय जात्याचाच. शिळ्या, स्वस्त बिया आणून अर्धा ते एक किलो दळून काढायच्या. ही भुकटी प्यायची नाही, कुंडीत किंवा खतात टाकायची. एकदम न दळता मूठमूठ दळावं, हातालाही उसंत मिळते. साफ करण्यासाठी तांदूळ दळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, तो ऐकू नये. तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कडक असतो आणि त्याचं पीठ दात्यांत बसून राहतं.

मग शून्य ठरवायचं. ग्राइंडर रिकामा ठेवून दाते एकमेकांना घासेपर्यंत आवळायचे आणि तिथून मागे फिरवताना वाजणाऱ्या टिचक्या मोजायच्या. जात्यात डाळ भरडताना खिळीवर चिंधी घालून वरची तळी उचलत, तेच काम इथे टिचक्या करतात. फिल्टरच्या कॉफीला बारीक रव्याइतकं दळण, फ्रेंच प्रेसला जाड रव्याइतकं. पहिल्या किलोनंतर शून्य पुन्हा तपासावं, ते थोडं सरकलेलं असतं.

रोज दळताना पंधरा ग्रॅम बियांवर पाण्याचा एखादाच थेंब चोळला की भुकटी भांड्याला चिकटत नाही. पोलादी दाते मात्र धुवायचे नाहीत, ब्रशनं झाडायचे. पाण्यानं गंज धरतो. चिकोरी आवडत असेल तर तिची पूड दळणानंतर मिसळावी. ती ओल धरते आणि दात्यांत चिकटते.

खरेदी करताना रंग, डबा, पेटी यांच्याकडे दुर्लक्ष करून आतली दांडी हलवून पाहावी. ती डगमगत असेल तर दळण कधीच एकसारखं येणार नाही; खीळ ढिली झालेल्या जात्याचीही हीच गत होते. दांडी पक्की असेल आणि पहिला किलो कुंडीत घालायची तयारी असेल, तरच ग्राइंडर घ्यावा. नाहीतर दुकानातून ताजी दळलेली पूड आणावी. त्यात कमीपणा काही नाही.