बॅटरीची पेटी का गंजते?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना लोणी-हळद चोळण्याची विदर्भात जुनी रीत आहे. तान्हा पोळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) परिसरात आता कापूस-सोयाबीनची वाहतूक मुख्यत्वे ट्रॅक्टर आणि टेम्पो करतात. जू जेथे घासते तेथे आधी लक्ष देण्याची शेतकऱ्याची ती दृष्टी यंत्रांनाही लागू पडते. वाहनातील असेच एक दुर्लक्षित ठिकाण म्हणजे बॅटरीची लोखंडी पेटी.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा भारित होणारी बॅटरी तयार केली. आजच्या वाहनांतील बॅटरी याच तत्त्वावर चालते. भारित होताना तिच्यातील पाण्याचे अंशतः विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात आणि त्यांच्यासोबत आम्लाचे सूक्ष्म तुषार उडतात. तुषारांतील पाणी सुकते, आम्ल मात्र मागे राहून अधिक तीव्र होते. तेच आधी रंग आणि मग लोखंड खाते.

वैशाखातील उन्हात हा त्रास वाढतो. खुणेच्या वर भरलेले पाणी उष्णतेने प्रसरण पावून उतू जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीला इंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्टचा दाब मिळतो. तो सतत अधिक राहिल्यास बॅटरी उकळू लागते. म्हणून पेटी वारंवार गंजत असेल, तर केवळ रंग न लावता मेकॅनिककडून चार्जिंग तपासून घ्यावे.

पेटी कुजली की बॅटरी सैल होते. हादऱ्याने तिचे टोक लोखंडाला टेकल्यास ठिणगी पडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजनही स्फोटास पुरेसा असतो. नुकसान केवळ पत्र्याचे नाही, जिवावरचे आहे.

सफाई सोपी आहे. इंजिन बंद करून, हातमोजे व चष्मा घालून प्रथम ऋण टोकाची तार काढावी, मग धन टोकाची. झाकणे घट्ट असल्याची खात्री करून बॅटरी आडवी न करता उचलावी. एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे खाण्याचा सोडा विरघळवून तो पेटीत ओतावा. फेस येणे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. सोड्याचा थेंबही बॅटरीत जाऊ देऊ नये. हे पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाणवठ्याकडे सोडू नये. मग पेटी धुऊन, वाळवून, गंज खरवडून प्रायमर व आम्लरोधक रंग द्यावा. तळाशी रबराची चटई ठेवावी, पाणी निघून जाण्याचे छिद्र मोकळे करावे. बॅटरी बसवताना धन टोक आधी व ऋण टोक शेवटी जोडून दोन्हींवर पेट्रोलियम जेली लावावी. अंगावर आम्ल उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टर गाठावा.

पाणी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच भरावे; वरून आम्ल घालू नये. निकामी बॅटरी भंगारात न फोडता विक्रेत्याकडेच परत द्यावी, कारण तिच्यातील शिसे विषारी असते.

हिशेबाच्या वहीत वाहनाचा घसारा दरवर्षी लिहिला जातो. आम्लाने होणारा घसारा मात्र कोणत्याही रकान्यात दिसत नाही, आणि तो थांबवण्यास महिन्याकाठी पंधरा मिनिटे पुरतात.