हाडांनाही मात्रा लागते



गव्हाला युरिया बेताने दिला तर पीक जोम धरते. जास्त दिला तर ते माजते, उंच वाढते आणि पहिल्याच वाऱ्यात लोळते. शेत हिरवेगार दिसते, पण ताटात बळ नसते. आपल्या हाडांचेही तसेच आहे.

हाडांतील मज्जेत मूळपेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. बियाण्यातून रोप यावे तशा त्यांतून हाड रचणाऱ्या पेशी तयार होतात. त्या आधी प्रथिनाची जाळी विणतात, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस बसतात. पाण्यातून येणारा फ्लोराइड हा क्षार या पेशींना चालना देतो. पण मात्रा वाढली की रचना बिघडते. हाड जाड होते, पण ठिसूळ राहते. सांध्यांजवळच्या बंधांतही हाड धरू लागते आणि पाठ, मान, गुडघे आखडतात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रिग्ज यांनी १९९० साली एक अनुभव प्रसिद्ध केला. हाडे झिजलेल्या २०२ वयस्क स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षे फ्लोराइडच्या मोठ्या मात्रा दिल्या. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडणे थांबले नाही. उलट इतर हाडे जास्त मोडली. भरपूर हाड म्हणजे मजबूत हाड नव्हे!

हे आपल्या दाराशीच आहे. भोपाळ शहर मोठा तलाव, कोलार आणि नर्मदेचे पाणी पिते. अशा उघड्यावरच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. पण आपल्याच राज्यातील झाबुआ, धार, मंडला या जिल्ह्यांत आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूरकडे अनेक गावे बोअरचे पाणी पितात. खडकातला फ्लोराइड त्यात विरघळलेला असतो. पाणी दिसायला नितळ आणि चवीला गोड, म्हणून कोणाला शंका येत नाही.

मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात मुलांचे पाय गुडघ्यात वाकडे झाले होते. जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने तेथे चांगले पाणी आणि चांगला आहार या दोन्हींवर भर दिला. कॅल्शियमने भरलेली चकोडा भाजी, म्हणजे आपला तरोटा, लोकांना खायला सांगितली. आहारात कॅल्शियम कमी असले की फ्लोराइडचा मार जास्त बसतो.

आम्ही काय करावे?

१. पिण्याच्या प्रत्येक बोअरचे आणि हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे. एक पंप चांगला म्हणून शेजारचा चांगला, असे नसते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक; दुसरे पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा.

२. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट दाट होतो. पावसाचे पाणी साठवावे. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी व चुन्याची नलगोंडा पद्धत शोधली आहे; ती जाणकाराच्या देखरेखीखाली वापरावी.

३. लहान मुलांकडे आधी लक्ष द्यावे. दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसले तर पाण्याचा संशय घ्यावा. दूध, नाचणी, पालेभाज्या, आवळा, लिंबू ताटात असू द्यावे.

४. झाबुआत रॉक फॉस्फेटच्या खाणी आहेत. ते शेताला खत म्हणून चालेल. पण स्वस्त पडते म्हणून जनावरांच्या आंबोणात मिसळू नये. त्यात फ्लोराइड असतो, आणि बैलाची हाडेही आपल्यासारखीच बिघडतात.

मिस्सेत ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत, त्या सगळ्यांचेच दुखणे पाण्याचे नसते. वय आणि कष्टही असतात. पण एकाच वस्तीत तरुण माणसेही आखडू लागली तर वाट पाहू नये. आखडलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. पाणी बदलले तर पुढची पिढी मात्र नक्की वाचते.

तहानलेल्याला पाणी पाजणे हे दयेचे कार्य आपण लहानपणीच शिकलो. ते पाणी कसे आहे हे पाहणे, हाही त्याच कार्याचा भाग आहे.