कामठी : आधी घर, मग शाळा

नागपूरच्या ईशान्येला, रेल्वेने दहा मैलांवर, कन्हान नदीला पेंच आणि कोलार येऊन मिळतात त्या संगमाच्या जरा खाली कामठी वसली आहे. वसली म्हणण्यापेक्षा वसवली गेली म्हणणे जास्त बरोबर. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर चारच वर्षांत, 1821 मध्ये, राजधानीवर नजर ठेवता येईल पण तिच्या गर्दीत अडकावे लागणार नाही अशा बेताने इंग्रजांनी येथे छावणी टाकली. रुंद, सरळ रस्ते आणि बागबगीचे असलेले हे गाव कागदावर आखूनच उभे राहिले. आज बाहेरचा माणूस कामठीला येतो तो बहुधा ड्रॅगन पॅलेस पाहायला. फौजी घरांत गाव ओळखले जाते ते गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रामुळे, आणि जुन्या पिढीच्या मनात कामठी म्हणजे विड्यांचे गाव. या सगळ्यात छावणीच्या आडोशाने वाढलेल्या कॅथलिक मिशनकडे, आणि त्या परंपरेतल्या मुलांच्या बोर्डिंगकडे, सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ते जायला हवे, कारण बोर्डिंगची शिस्त आणि बोर्डिंगचे संस्कार हे शब्द आपण ज्या कौतुकाने उच्चारतो, त्यांचा उगम कामठीसारख्या छावणीच्या गावांत स्पष्ट दिसतो. ही मूल्ये कुणी आदर्श शिक्षणाचा विचार करून योजलेली नव्हती. घर हरवलेल्या मुलांना आधी छप्पर द्यावे लागले आणि शाळा त्या छपराखाली नंतर आली. बोर्डिंगात जे टिकाऊ आहे ते या क्रमातून आले आहे. जे सलते, त्यातले बरेचसे हा क्रम विसरल्यामुळे.

छावणीत कॅथलिक आले कुठून? 1830 च्या सुमारास ब्रिटिश लष्करातले शंभरातले सुमारे बेचाळीस शिपाई आयरिश होते, आणि गरीब आयरिश शिपाई म्हणजे बहुधा कॅथलिक. कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही आयरिशांचा भरणा मोठा होता. त्यात कामठीची फौज मद्रासची, त्यामुळे तिच्याबरोबर दक्षिणेकडली तेलुगू-तमिळ कुटुंबेही आली, त्यांतली काही ख्रिस्ती होती. म्हणून मराठी मुलुखाच्या या टोकाला धर्मगुरू आले ते मुंबईहून किंवा गोव्याहून नव्हे, थेट विशाखापट्टणमहून. आल्प्सच्या पायथ्याच्या सॅव्हॉय प्रांतात, आन्सी येथे, पीटर मर्मिए यांनी 1838 मध्ये संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ काढला होता. त्याचे पहिले लोक 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पूर्व किनाऱ्यापासून नागपूरपर्यंतचा अवाढव्य प्रदेश त्यांच्या पदरात पडला. 1849 मध्ये त्याच आन्सीहून सेंट जोसेफच्या सिस्टर्स भारतात आल्या. आजही कामठीत कॅथलिक शिक्षण म्हटले की पहिले नाव निघते ते सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटचेच. इंग्रजांच्या छावणीत, आयरिश शिपायांसाठी, फ्रेंच बोलणारे धर्मगुरू आणि आसपास हिंदी-मराठी-तेलुगूचा कल्लोळ. एकाच साच्यातले संस्कार येथून निघतील असे या गोतावळ्याकडे पाहून कुणालाही वाटले नसते.

शिपायाच्या मुलाचे बालपण पलटणीच्या हुकमावर चाले. पलटण हलली की घर हलले. पटकीच्या साथीत बाप गेला तर विधवेला आधार मिळे तो काही महिन्यांपुरता. मग तिने दुसऱ्या शिपायाशी लग्न लावणे हाच व्यवहार, आणि पहिल्या घरची मुले बऱ्याचदा अधांतरी. या मुलांसाठी हेन्री लॉरेन्सने 1847 मध्ये सनावरला आश्रम काढला, पण तिथले धर्मशिक्षण प्रोटेस्टंट वळणाचे असल्याने कॅथलिकांना तो आपला वाटेना. किपलिंगच्या 1901 च्या ‘किम’ या कादंबरीत हाच पेच आहे. आयरिश शिपायाचा पोरका मुलगा पलटणीला सापडतो आणि प्रोटेस्टंट व कॅथलिक असे दोन पाद्री त्याला कुठे धाडायचे यावर खल करतात. सरकारचीही काळजी निर्मळ नव्हती. अशी गोरी, अर्धगोरी मुले शिक्षणावाचून वाढली तर राज्याला लाज आणि धोका दोन्ही, असे लॉर्ड कॅनिंगने 1860 मध्ये नोंदवले आणि त्यानंतर अशा शाळांना सरकारी अनुदानाचा ओघ वाढला. हेतू कुणाचा काय होता हा भाग वेगळा. मुलाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न साधा होता : रात्री झोपायचे कुठे, ताटात काय पडेल, ताप आला तर उशाशी कोण बसेल. याची उत्तरे मिळाल्याशिवाय व्याकरण आणि अंकगणित शिकवणे शक्यच नव्हते.

बोर्डिंगची दिनचर्या म्हणजे याच प्रश्नांची उत्तरे घंटेच्या तालावर बांधलेली. पहाटेची घंटा, तोंडे धुण्यासाठी लागलेली रांग, कॅथलिक मुलांना मिस्सा, मग स्टडी, नाश्ता, शाळा, संध्याकाळी मैदान, पुन्हा स्टडी, रात्रीची प्रार्थना आणि त्यानंतर सकाळपर्यंत मौन. प्रत्येक बोर्डरला एक नंबर मिळतो. तो त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेवर रंगवलेला असतो, सदऱ्याच्या कॉलरच्या आत धाग्याने टाचलेला असतो, थाळीच्या कडेवर ठोकलेला असतो. धोब्याकडून आलेल्या गठ्ठ्यातून मुलगा आपला सदरा नावाने नाही, नंबराने उचलतो. ही गोष्ट वरवर रुक्ष, काहीशी तुरुंगासारखी वाटते. पण ज्या डॉर्मिटरीत सुभेदाराचा, फायरमनचा आणि कुणाचाच नसलेला अशी तीन मुले शेजारी झोपतात, तिथे आडनाव मागे पडून नंबर पुढे येण्यात एक प्रकारची सोय आहे, आणि दुबळ्याला थोडे संरक्षणही. भाजी पातळ असेल तर सगळ्यांनाच पातळ. वाढायची पाळी आली की कालचा दादा आज वाढपी. रविवारी घरी पत्र लिहायचे, आणि ज्याला घरच नाही त्यानेही कुणाला तरी लिहायचे. समतेवर तासभर प्रवचन देऊन जे साधत नाही ते या पाळ्यांच्या तक्त्यातून साधते, कारण तक्त्याशी वाद घालता येत नाही आणि त्याची खुशामतही करता येत नाही.

मात्र घंटा आणि नंबर बराकीतही असतात. बोर्डिंग बराकीपेक्षा वेगळे ठरायचे असेल तर ते घंटा वाजवणाऱ्या माणसामुळे ठरते. येथे या मिशनऱ्यांच्या संघाच्या आश्रयदात्या संताचा स्वभाव महत्त्वाचा आहे. फ्रान्सिस डी सेल्स (1567–1622) कॅल्व्हिनपंथी जिनिव्हाचे बिशप होते, पण त्यांना राहावे लागे आन्सीला. धर्मयुद्धांनी पेटलेल्या काळात हा माणूस सौम्यपणासाठी ओळखला गेला. एका मूकबधिर मजुराला हातवाऱ्यांच्या भाषेत शिकवण्याची खटपट त्यांनी केली, म्हणून बधिरांचेही ते आश्रयदाते मानले जातात. पुढे इटलीत डॉन बॉस्कोंनी रस्त्यावरच्या मुलांसाठी संघ काढला तेव्हा त्यालाही याच संताचे नाव दिले आणि शिक्षा करण्याची वेळच येऊ नये इतके मुलांच्या सोबत राहावे, अशी पद्धत मांडली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, ते याच जातीचे काम होते. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवून बोर्डिंग चालवले आणि ते चालावे म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, तिथेही आधी चूल पेटली आणि मग फळा आला. धर्म वेगळे, प्रेरणा वेगळ्या. क्रम तोच.

यावर पहिला आक्षेप कठोर आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. बंद दारांआड मुले सोपवली की सौम्यपणाची हमी कोण देणार? ज्या आयर्लंडने कामठीला शिपाई पुरवले त्याच देशात चौकशी आयोगाने 2009 मध्ये दिलेल्या अहवालात कॅथलिक संघांनी चालवलेल्या निवासी संस्थांतल्या मारहाणीची, उपासमारीची आणि लैंगिक अत्याचारांची दशकानुदशकांची कहाणी आहे. कॅनडात मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल 2015 मध्ये आलेले निष्कर्ष तितकेच भीषण आहेत. आपल्याकडच्या मिशन बोर्डिंगांतही छडी काही शोभेला टांगलेली नव्हती. ‘त्या काळी सगळीकडेच मारत’ हे उत्तर अपुरे आहे, कारण मार खाऊन घरी जाणारा डे-स्कॉलर आईला वळ दाखवू शकतो, बोर्डर कुणाला दाखवणार? पण या अहवालांतून आणखी एक गोष्ट निघते. संस्था सर्वाधिक बिघडल्या त्या जिथे मुलांना सक्तीने आणले होते, जिथे कुटुंबाशी संबंध तोडणे हेच धोरण होते आणि बाहेरून कुणी पाहायला येत नव्हते. म्हणजे घराची जागा भरून काढणारे बोर्डिंग आणि घर हिसकावणारे बोर्डिंग या दोन निराळ्या संस्था आहेत, जरी दोन्हींत घंटा एकाच वेळी वाजत असली तरी. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली आणि 2012 च्या पोक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार दडवणे हाच गुन्हा ठरवला. संतांच्या सौम्यपणावर सोडून दिलेली गोष्ट कायद्याने बांधून घेतली हे बरेच झाले. बोर्डिंगचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, चांगला असेल तर त्याला याचा जाच वाटायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप नागपूर परिसरात सर्वांत जुना : बोर्डिंग म्हणजे धर्मांतराचा चोरदरवाजा. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असतानाच, 1954 मध्ये, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचा वापर धर्मांतरासाठी होतो असा ठपका तिने 1956 च्या अहवालात ठेवला. चर्चने तो अमान्य केला. समितीच्या निष्कर्षांवर मतभेद आहेत आणि राहतील. पण तिचा मूळ प्रश्न, म्हणजे परावलंबी मुलाची संमती कितपत खरी, हा रास्त होता. कामठीपुरते सांगायचे तर येथले मिशन सुरू झाले ते आधीच कॅथलिक असलेल्या पलटणीच्या कुटुंबांसाठी. धर्मांतर हा त्याच्या जन्माचा हेतू म्हणता येत नाही. पुढे हिंदू, मुस्लिम, पारशी मुले अशा शाळांत येऊ लागली तेव्हा कॅथलिकांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिपाठ अशी वाटणी रूढ झाली, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण देता येणार नाही हे संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने पक्के केले. तरीही डे-स्कॉलरच्या बाबतीत पुरेशी असलेली ही तरतूद बोर्डरच्या बाबतीत तोकडी पडते, कारण त्याच्या जेवणाआधीही प्रार्थना असते आणि झोपण्याआधीही. ज्या बोर्डिंगात इतर धर्मांची मुले आहेत तिथे गप्प बसायची मोकळीक नियमाने, लेखी द्यावी, इतकी मागणी श्रद्धावान कॅथलिकालाही मान्य व्हायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप याच गावाने केला, तोही न बोलता. मिशन ज्या मुलांपर्यंत पोचले ती छावणीच्या कडेने राहणारी. पलीकडे विड्या वळणाऱ्या घरांतली पोरे दिवसभर पाने कातरत बसलेली होती आणि त्यांच्यासाठी कुठली घंटा वाजत नव्हती. कामठीचेच बाबू हरदास, ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे, यांनी 1927 च्या सुमारास गावात रात्रशाळा काढल्या. त्यांत एका वेळी 86 मुलगे आणि 22 मुली शिकत होत्या. संत चोखामेळ्याच्या नावाने वाचनालयही त्यांनी उघडले. 1937 मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले आणि दोनच वर्षांत, 1939 च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत गेले. रात्रशाळा हे बोर्डिंगच्या नेमके उलटे उत्तर होते : मुलाला घरातून काढता येत नाही कारण त्याच्या हातांवर घर चालते, तर शाळेनेच आपली वेळ बदलावी. बोर्डिंगच्या कौतुकात ही बाजू झाकली जाते. पण यामुळे बोर्डिंग खोटे ठरत नाही, त्याची हद्द कळते. घर नसलेल्याला छप्पर, घर असलेल्याला रात्रीची शाळा. दोन्ही एकाच गावात लागली.

छावणीच्या कामठीचे दिवस मात्र त्याच्या बऱ्याच आधी पालटले होते. नागपूरला रेल्वे 1867 मध्येच आली होती. व्यापार तिकडे सरकला, फौज कमी झाली आणि 1881 पासून घटत गेलेली वस्ती 1901 मध्ये 38,888 वर आली. मिशननेही तोच रस्ता धरला. 1870 मध्ये नागपूरच्या सदर भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा निघाली आणि 1887 मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत होऊन अलेक्सिस रिकाझ पहिले बिशप झाले. हळूहळू कॅथलिक शाळा म्हणजे उत्तम इंग्रजी, उत्तम निकाल आणि वशिल्यानेही न मिळणारा प्रवेश असा लौकिक झाला. येथेच तो क्रम उलटला. आईबाप जवळ असताना, केवळ वळण लागावे म्हणून मुलाला बोर्डिंगात टाकणारा पालक मूळ गरजेपासून फार दूर उभा आहे. त्याला हवी असते ती घंटा, आणि घंटा एकटी काही शिकवत नाही.

छावणीतल्या मुलाची अडचण तर सरकारने निराळ्याच वाटेने सोडवली. 1963 मध्ये पलटणींच्या 20 शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची योजना सुरू झाली. देशभर एकच अभ्यासक्रम असल्याने बदली झाली तरी मूल आईबापांबरोबर जाऊ शकते. कामठीच्या जवानाच्या मुलाला आज बोर्डिंगची गरज उरलेली नाही, ही त्या जुन्या बोर्डिंगच्या दृष्टीनेही चांगलीच बातमी मानायला हवी. गरज आता दुसऱ्यांची आहे. हंगामासाठी आलेल्या वीटभट्टी कामगारांची मुले पावसाळ्याआधी गाव सोडतात, मेळघाट आणि गडचिरोलीतल्या पाड्यांपासून माध्यमिक शाळा दिवसभराच्या वाटेवर असते. ही मुले बव्हंशी ख्रिस्ती नाहीत, त्यांचे पालक फी भरू शकत नाहीत आणि दहावीच्या निकालात ती शाळेचे नाव वर नेतीलच असे नाही. कन्हानच्या काठी पलटणीच्या ज्या पोरांसाठी पहिली खाट मांडावी लागली, त्यांच्याबद्दलही तेव्हा यापेक्षा अधिक काही सांगता आले नसते.