आभासी यंत्राचं बिऱ्हाड

ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी आभासी यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याच्या आत कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. वर्गणीचे आकडे पाहून अनेक लहान-मध्यम कार्यालयांनी प्रॉक्समॉक्सची वाट धरली. लिनक्समधल्या केव्हीएमवर चालणारी ही व्हिएन्नाची प्रणाली, आणि ती फुकटही वापरता येते. अलीकडच्या व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, तिथे फारशी कुरकुर न करता रुळतात. घोडं अडतं ते एक्सपी आणि विंडोज सर्व्हर २००३पाशी. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला काढून घेतला, २००३चा १४ जुलै २०१५ला. तरी कुठलंतरी हिशेबाचं पॅकेज किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त तिथेच चालतं, आणि ते लिहिणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली असते.

लोकांना वाटतं, डिस्कची फाइल उचलली, नव्या होस्टवर ठेवली, झालं. फाइल हलवणं खरंच सोपं आहे. पण आतल्या विंडोजला आपण व्हीएम आहोत याचा पत्ता नसतो. तिला ठाऊक असतो तो अमुक कंट्रोलर, तमुक नेटवर्क कार्ड. नव्या घरी हे सगळं एका रात्रीत बदललेलं असतं. म्हणून माझं मत असं की, या कामातला महत्त्वाचा भाग जुन्या होस्टवर, व्हीएम चालू असतानाच उरकायचा असतो.

तो उरकला नाही तर काय होतं? एक्सपीचं बोधचिन्ह येतं, खालची पट्टी दोन-तीनदा सरकते, निळा पडदा चमकतो आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. पुन्हा तेच. एफ-८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं की पडदा थांबतो आणि वाचता येतो: स्टॉप ७बी, म्हणजे बूट डिस्क सापडत नाही. डिस्क शाबूत असते. मात्र विंडोज सुरुवातीला फक्त तेच ड्रायव्हर उचलते ज्यांच्यावर रजिस्ट्रीत 'बूटलाच हवा' अशी खूण आहे. व्हीएमवेअरवर ही खूण बहुधा एलएसआय किंवा बसलॉजिकच्या स्कझी ड्रायव्हरवर असते. नव्या होस्टने डिस्क आयडीईवर जोडली, तर तिथला ड्रायव्हर झोपलेलाच राहतो.

यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे मर्जआयडीई नावाची छोटी रजिस्ट्री फाइल. व्हीएम हलवण्याआधी ती चालवायची आणि आयडीईच्या ड्रायव्हर फाइली जागेवर आहेत ना, ते पाहून घ्यायचं. व्हीएम आयडीईवर सुरू झाली की वेगासाठी केव्हीएमच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरकडे वळता येतं, पण तिथेही एक युक्ती लागते. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. विंडोजला नवं हार्डवेअर दिसतं, ती ड्रायव्हर मागते, आपण देतो. मग व्हीएम बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्यायची आणि रिकामी काढून टाकायची. ड्रायव्हरच्या नव्या संचात एक्सपी आणि २००३ला जागा नाही, जुना आयएसओ हुडकावा लागतो.

व्हीएमवेअर टूल्स जुन्या घरीच काढा. नव्या घरी त्यांचा अनइन्स्टॉलर 'मी व्हीएमवेअरवर नाही' म्हणून अडून बसतो. स्नॅपशॉटही तिथेच मिटवा. फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ०००००१ असलेली डिस्क-फाइल दिसली, तर ताजा मजकूर तिच्यात आहे. नुसती मूळ फाइल रूपांतरित केली, तर व्हीएम झकास सुरू होते आणि हिशेब स्नॅपशॉट घेतला त्या दिवसाचा दाखवते. निळ्या पडद्यापेक्षा हे वाईट, कारण चूक लगेच कळत नाही.

नेटवर्कचं दुखणं त्यामानाने किरकोळ, पण हमखास. नव्या कार्डाला जुना आयपी द्यायला गेलं की विंडोज सांगते, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते दुसरं कार्ड कुठेच दिसत नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१' हे इंग्रजीत लिहून तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. फिकट अक्षरांतलं जुनं कार्ड सापडेल, ते काढा. जुना मॅक पत्ता मात्र नव्या कार्डालाही द्या, काही परवाने त्यालाच बांधलेले असतात. जुन्या लिनक्समध्ये याचंच भावंड भेटतं: यूडेव्हच्या नियम-फाइलीत जुना मॅक लिहिलेला असतो, मग ईटीएच० जाऊन ईटीएच१ येतं आणि सेटिंग कुणालाच लागू पडत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवाल्यांची तऱ्हा वेगळी. सर्व्हर २००८वरून एक्स्पोर्ट केलेली व्हीएम २०१२ आर२ला इम्पोर्ट करता येत नाही, फोल्डर समोर असूनही 'काही सापडलं नाही' असं उत्तर मिळतं. तिथे झगडत बसू नये. नवी व्हीएम बनवावी, पहिल्या पिढीचीच, आणि जुनी व्हीएचडी तिला जोडावी. दुसरी पिढी यूईएफआयवर चालते, एक्सपी तिच्यावर सुरूच होत नाही.

पहिला बूट नेटवर्क तोडूनच करावा. जुनी व्हीएम बंद ठेवावी, पुसू नये. नवीचं नेटवर्क जोडल्यावर शेअर केलेलं फोल्डर उघडलं नाही, तर ड्रायव्हरला दोष देऊ नका: एक्सपी एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलते, नव्या सर्व्हरवर ती सहसा बंद असते. ती सगळ्यांसाठी उघडण्यापेक्षा फाइली नेण्या-आणण्याची निराळी सोय करावी.

आपल्याकडच्या छापखान्यांत अजून पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टांतल्या फाइली आहेत. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, २००१ची. अशा ठिकाणी आधी यंत्राची मागची बाजू पाहावी. सॉफ्टवेअरचं लॉक यूएसबीचं असेल, तर होस्टवरून व्हीएमला देता येतं. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात खोचलेलं असेल, तर नव्या सर्व्हरला ते पोर्टच नसतं. मग कंपनी अजून असेल तर तिच्याकडे यूएसबी लॉक मागावं, नाहीतर त्या एका कामासाठी जुना डबा चालू ठेवावा.