मेंढीचें वजन, मेंढीचें अंग व वंशाचा वांटा

बुलढाणा जिल्ह्यांत घाटावर काय किंवा घाटाखालीं काय, कळपासाठीं मेंढा घेतांना नजर आधीं उंच व लांब नराकडे जाते. ही निवड सर्वस्वी चुकीची नव्हे. एकाच कळपांतील पूर्ण वाढलेल्या मेंढ्यांच्या वजनांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारें तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक वंशाचा असतो. बाकीचा चारा, वय व जंत यांचा. म्हणून बरोबरीच्या नरांहून ६ किलो भारी असलेला मेंढा ठेविल्यास तिसऱ्या हिश्शाप्रमाणें २ किलो, व बापाकडून निम्मेंच येत असल्यामुळें संततींत १ किलोच वाढ धरावी. तीहि तो त्याच चाऱ्यावर वाढला असेल तरच. दारांत सरकीवर पोसलेल्या मेंढ्याचें वजन हें वंशाचें माप नव्हे.

शिवाय मोठें शरीर मोठा आहार मागतें. २५ किलोच्या जागीं ३५ किलोची मेंढी आली, तर नुसत्या निर्वाहास सुमारें २९ टक्के अधिक चारा हवा. श्रावणांत हें जड नाहीं. वैशाखांत, धसकटें व पऱ्हाटीचा पाला संपल्यावर, तो आणावयाचा कोठून?

याकरितां वजनाइतकेंच अंग पाहावें, आणि तें हातानें. लोकर डोळ्यांस फसविते. शेवटच्या बरगडीमागें कमरेवर बोटें दाबावीं. मणक्यांचीं टोकें धारदार लागल्यास १ गुण, चरबींत पार बुडाल्यास ५. ३ हा मध्यम. हा गुणहि पिढीनें उतरतो. मात्र उन्हाळाअखेर सर्वांत गलेलठ्ठ दिसते ती मेंढी बहुधा व्यालेली नसते, किंवा तिचें कोकरूं मेलेलें असतें. तिला भुलणारा मालक वांझपणाचीच निवड करितो! कोकरूं पाजूनहि जिचें अंग टिकलें तिच्या पोटचा नर राखावा.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गरोळ मेंढीचा जुळीं देणारा जनुक दख्खनी मेंढींत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. गरोळ अंगानें फारच लहान. दख्खनीशीं पुनःपुन्हां संकर करून तो लहानपणा कमी करण्यांत आला व जुळ्यांचा गुण राखला गेला, कारण तो एकाच जनुकाचा असून रक्ताच्या तपासणीनें ओळखतां येतो. वजन व अंग यांचें तसें नाहीं. त्यांमागें शेंकडों जनुक थोडथोडा हात लावितात; तेथें तराजू व नोंदवही हींच साधनें.

वजन दरवर्षीं त्याच महिन्यांत, सकाळीं चरावयास सोडण्यापूर्वीं घ्यावें. चरून आलेल्या मेंढीच्या पोटांतील चारापाणीच किलो-दोन किलो भरतें.