देवणी : गोवंशाला नाव देणारे गाव

आपल्या दावणीची गाय देवणी असेल, तर ज्या गावाचे नाव ती मिरवते त्याची थोडी ओळख करून घेऊ या.

लातूर जिल्ह्यात उदगीरच्या दक्षिणेला, कर्नाटकाची हद्द जवळ करून देवणी वसले आहे. बालाघाटाचा माळ, काळी जमीन आणि पावसाचा नेम नाही, असा हा मुलूख. 1948 पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. आज देवणी तालुक्याचे ठिकाण आहे. तसे गाव लहान. पण बाजारात ‘देवणी’ म्हटले की लोकांना आधी जनावर आठवते, गाव मागून.

हा गोवंश गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून तयार झाला, असे जाणकार मानतात. रुंद, पुढे आलेले कपाळ आणि लोंबते कान ही गीरची आठवण. रंगावरून त्याचे तीन प्रकार पडतात. अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले, तो शेवेरा. सगळे अंग पांढरे, फार तर पोटाखाली काळे ठिपके, तो बालंक्या. पुढच्या बाजाराला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या आणि ओळखायला लावा.

देवणीचा खरा गुण असा की बैल कामाला दमदार आणि गाय घरापुरते दूध देऊन वर चार पैसे देणारी. एका वेतात साधारण आठशे-नऊशे लिटर दूध मिळते. चांगल्या सांभाळात हजारावरही जाते. संकरित गाईपुढे हा आकडा लहान दिसतो. पण उन्हाचा तडाखा, हलका चारा आणि गोचिडांचा त्रास ही गाय अधिक सोसते. तिचा खर्चही बेताचा. हिशेब करताना दुधाच्या लिटरांबरोबर पेंडीची पोती आणि डॉक्टरांच्या खेपाही मोजाव्यात.

मग हे धन कमी का होत चालले? ट्रॅक्टर आला आणि बैलाची गरज घटली, हे एक कारण. दुसरे कारण शेताच्या बांधावरच आहे. पूर्वी या भागात ज्वारी मोठी. दाणे माणसाला, कडबा जनावराला. पुढे सोयाबीनने रान व्यापले. त्याचे पैसे रोख मिळतात, हे खरे; पण त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. कडबा विकत घ्यावा लागला की दावणीची दोन जनावरे एकावर येतात. त्यात 2016 सारखा दुष्काळ पडला, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा जनावर जगवायचे कसे, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. अशा वर्षी विकलेली चांगली गाय परत मिळत नाही. तिच्याबरोबर तिच्या पुढच्या पिढ्याही जातात.

तरीही हातात बरेच आहे. रानाचा एक तुकडा तरी ज्वारीला ठेवा; कडब्याची कुट्टी केली तर नासाडी वाचते. गाय माजावर आली की मिळेल त्या वळूकडे नेऊ नका. शुद्ध देवणी वळू पाहा, नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्यात देवणीच्याच रेतनाची मागणी करा. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत त्याला चीक पाजा. चीक वाईट म्हणून टाकू नका. गाय कधी फळली, कधी व्याली, किती दूध दिले, हे घरातल्या शाळकरी मुलीकडून वहीत लिहून घ्या. पुढे कालवड विकताना ही वही तुमची बाजू सांगेल. अडचण आली तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

गोठ्यातला बराचसा भार घरातली बाईच उचलते. शेण तीच काढते, वैरण तीच घालते, गाय आटली हे पहिल्यांदा तिलाच कळते. मग जनावर विकायचे ठरते तेव्हा तिला विचारायला नको का? बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होण्याआधी घरात एकदा बसून बोला. पैशाची नड भागेल. पण वानेऱ्या तोंडाची चांगली कालवड गेली, तर तशीच दुसरी तयार व्हायला वर्षे लागतात.